चहाचे टेबल कुठे मांडायचे?

डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडे लग्नसराईचा, तसा वैद्यकीय परिषदांचाही हंगाम. हृदयरोग, बालरोग, स्त्रीरोग, भूलशास्त्र, अस्थिरोग अशा जवळपास प्रत्येक शाखेची एक राष्ट्रीय, एक राज्यस्तरीय आणि जमल्यास एखादी शहरपातळीवरची परिषद भरते. त्या तीन-चार दिवसांत आपले डॉक्टर ‘कॉन्फरन्सला गेलेत’ एवढेच रुग्णाला कळते. तिथे ते काय ऐकतात, काय पाहतात आणि परतताना पिशवीतून व डोक्यातून काय घेऊन येतात, याचा त्याला पत्ता नसतो. तो असायला हवा. कारण सोमवारी सकाळी ओपीडीत लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर त्या तीन दिवसांची छाप पडलेली असते.

परिषदेतली व्याख्याने कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असतात. वक्ता कोण, विषय काय, हे सगळ्यांना दिसते. पण त्याच छताखाली आणखी दोन ठिकाणी शिकणे आणि शिकवणे चालू असते. एक, पोस्टरचा विभाग; दुसरा, कंपन्यांच्या स्टॉलचा. या दोन ठिकाणांचा व्यवहार कसा चालतो हे समजून घेतले, तर आपल्या वैद्यकीय ज्ञानाच्या बाजारात कशाला किती भाव आहे, हेही उमगते.

आधी पोस्टर. परिषदेच्या चार-सहा महिने अगोदर आपल्या अभ्यासाचा अडीचशे-तीनशे शब्दांचा सारांश पाठवायचा असतो. परीक्षक तो वाचतात. काही मोजके सारांश तोंडी निबंधवाचनासाठी निवडले जातात; उरलेल्यांपैकी बरेचसे पोस्टरकडे वळवले जातात. साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट उंच फ्लेक्सवर अभ्यासाचा हेतू, पद्धत, निष्कर्ष, दोन तक्ते, एखादा आलेख बसवायचा. परिषदेच्या दिवशी आपल्या क्रमांकाचा बोर्ड शोधून तो चिकटवायचा आणि ठरलेल्या तासाभरात त्याच्या शेजारी उभे राहायचे. परीक्षक येतात, तीन ते पाच मिनिटे ऐकतात, एक-दोन प्रश्न विचारतात, कागदावर गुण टाकून पुढच्या बोर्डाकडे सरकतात.

ही पद्धत फार जुनी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या आणि त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेतल्या शास्त्रीय संमेलनांतून ती रूढ झाली. बोलू इच्छिणारे खूप आणि व्यासपीठे थोडी, ही अडचण होतीच. पण त्यामागे एक चांगली कल्पनाही होती. व्याख्यानात शंभर जण ऐकतात आणि दोघे प्रश्न विचारतात. पोस्टरपाशी दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, एकाच तक्त्यावर बोट ठेवून बोलतात, ‘हा आकडा असा कसा?’ असे मोकळेपणाने विचारतात. ज्याने काम केले आहे त्याला ते काम किती पक्के आहे हे तिथल्या तिथे कळते.

आपल्याकडे पोस्टरपाशी उभे असतात ते बहुतांशी पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे निवासी डॉक्टर. त्यामागे नियमही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेला पात्र ठरण्यासाठी विद्यार्थ्याने एक पोस्टर मांडणे, राज्य किंवा राष्ट्रीय परिषदेत एक निबंध वाचणे आणि एक शोधनिबंध प्रसिद्धीसाठी पाठवणे अपेक्षित असे. उद्देश चांगला, पण सक्तीने गर्दी होते, उत्सुकता येत नाही. मग घाईत केलेली, एखाद्या दुर्मीळ रुग्णाची छायाचित्रे डकवलेली पोस्टर शेकड्याने लागतात. प्रमाणपत्र हाती आले की काम संपले. संध्याकाळी फ्लेक्स उतरतो आणि बरेचदा हॉटेलच्याच कचऱ्यात जातो. अलीकडे ई-पोस्टर आले. त्यात फ्लेक्सचा खर्च वाचला, पण येता-जाता नजर पडण्याची शक्यताही गेली. पडद्यावर आपले पोस्टर दिसावे यासाठी कुणीतरी ते नावानिशी शोधायला हवे.

तरीही त्या गर्दीत मोलाचे काही सापडते. समजा, एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने मधुमेहाच्या ओपीडीत येणाऱ्यांना बाटली आणि सिरिंज सोबत आणायला सांगितले. दोन्ही टेबलावर मांडून ताडून पाहिले. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिट तीव्रतेच्या इन्सुलिनसाठी असते. दुकानदाराने हाताला लागेल ती दिली आणि रुग्णाने ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात प्रत्यक्ष ८ युनिटच जातात. साखर उतरत नाही. डॉक्टरला वाटते औषध लागू पडत नाही, म्हणून तो मात्रा वाढवतो किंवा महागडे औषध जोडतो. उलटी गफलत झाली, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि रुग्ण बेशुद्ध होऊन तातडीच्या विभागात येतो. किती जणांच्या पिशवीत ही चुकीची जोडी निघाली, एवढे जरी त्या पोस्टरने मोजून दाखवले, तरी ते पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला उद्यापासून एक प्रश्न जास्त विचारता येईल. त्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

लहान जागेवरून, साधनांशिवाय केलेल्या निरीक्षणाने मोठे काम झाल्याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजमधील सेल्लप्पन निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या प्रबंधासाठी रक्ताचे सुमारे दोनशे नमुने गोळा केले. त्यांपैकी सहा नमुन्यांमुळे एचआयव्ही भारतात पोहोचल्याचा पहिला पुरावा मिळाला. महाड परिसरात सरकारी आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो, हे रुग्णाच्या उशाशी बसून टिपले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने अशा रुग्णांचे प्राण वाचतात, हे १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी मांडले. कोकणातल्या कितीतरी घरांतला शोक त्या गोळीने टळला.

आता असा प्रश्न विचारून पाहावा : प्राझोसिन आणि विंचूदंश या विषयावर परिषदेत स्टॉल कोण लावेल? लाल आणि नारिंगी टोपणातला फरक समजावून सांगण्यासाठी शंभर चौरस फूट जागेचे भाडे कोण भरेल? उत्तर सोपे आहे. कुणीच नाही. ज्यातून विक्री होत नाही, त्याला स्टॉल नसतो. त्याला फार तर पोस्टर असते.

स्टॉलचे गणित वेगळे. परिषदेचे आयोजक वर्षभर आधी कंपन्यांसाठी एक माहितीपत्रक काढतात. त्यात प्रदर्शनाच्या हॉलचा नकाशा असतो आणि जागांचे दर असतात. तीन मीटर लांब-रुंद हा नेहमीचा तुकडा. प्रवेशद्वारासमोरचा, कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उघडा असेल तर भाव चढा. त्यापलीकडे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशा पायऱ्या. गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीवर कुणाचे नाव, पिशवीवर कुणाचे, दुपारच्या जेवणाच्या वेळचे व्याख्यान कुणाचे, सगळ्याला दर. आणि या नकाशातली सर्वांत हुशारीने ठरवलेली गोष्ट म्हणजे चहा आणि जेवण. ते बहुधा प्रदर्शनाच्या हॉलच्या टोकाला मांडलेले असते. म्हणजे चहाला जायचे तर सगळे स्टॉल ओलांडूनच जावे लागते. पोस्टर मात्र तळघरातल्या गल्लीत, जिन्याच्या बाजूला किंवा दुसऱ्या इमारतीत.

काही ठिकाणी प्रतिनिधीला एक कार्ड देतात. प्रत्येक स्टॉलवर जाऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा. सगळे शिक्के भरले की सोडतीत नाव. एरवी अतिदक्षता विभागात ठामपणे निर्णय घेणारे वरिष्ठ डॉक्टर शाळकरी मुलांसारखे रांगेत उभे राहून शिक्के गोळा करताना दिसतात. दृश्य गमतीदार आहे. पण कंपनीसाठी ते कामाचे आहे. ओळखपत्रावरचा क्यूआर कोड स्टॉलवर स्कॅन झाला, की कोण आले, कुठल्या गावचे, कुठल्या शाखेचे, हे नोंदले जाते. पुढच्या पंधरवड्यात त्या भागातला वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे एमआर, त्यांच्या दवाखान्यात ‘सर, परिषदेत आपली भेट झाली होती’ म्हणत हजर होऊ शकतो.

स्टॉल म्हणजे सगळे वाईट, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्याला नवे उपकरण हातात धरून पाहता येते. सोनोग्राफीची दोन यंत्रे शेजारी ठेवून तुलना करता येते. व्हेंटिलेटर बनवणाऱ्या अभियंत्याला, ‘वीज गेली तर हे किती वेळ चालेल?’ असे तोंडावर विचारता येते. पुस्तकांचे स्टॉल तर निवासी डॉक्टरांचे आवडते. शिवाय आयोजकांची अडचणही खरी आहे. हॉलचे भाडे, ध्वनिव्यवस्था, जेवण, बाहेरगावच्या वक्त्यांची सोय, हे सगळे नोंदणी शुल्कातून भागवायचे तर ते शुल्क सरकारी डॉक्टरला आणि विद्यार्थ्याला परवडणार नाही. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावी लागतात. त्यामुळे परिषदा भरणे भागच आहे. पैसा कुठूनतरी यायचाच. प्रश्न आहे तो त्या पैशाबरोबर काय येते याचा.

‘आम्ही काय पेनाला आणि कॉफीला भुलतो?’ असे बहुतेक डॉक्टर मनापासून विचारतात. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९९२ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात एक पाहणी आली. कंपन्यांच्या खर्चाने निसर्गरम्य ठिकाणच्या परिसंवादांना जाऊन आलेल्या डॉक्टरांच्या रुग्णालयात संबंधित दोन औषधांचा वापर आधी किती होता आणि नंतर किती झाला, हे त्यात मोजले होते. वापर ठळकपणे वाढला होता. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक डॉक्टरांनी, आपल्यावर अशा गोष्टींचा परिणाम होणार नाही, असे आधी सांगितले होते. २००१ सालच्या दुसऱ्या एका पाहणीत ६१ टक्के निवासी डॉक्टर म्हणाले की कंपन्यांच्या प्रचाराचा आपल्यावर परिणाम होत नाही. इतर डॉक्टरही असेच अलिप्त असतात, असे मात्र १६ टक्क्यांनाच वाटले. आणि २०१६ साली पावणेतीन लाखांहून अधिक अमेरिकी डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कंपनीकडून मिळालेल्या एका साध्या जेवणाचाही त्या कंपनीचे ब्रँड अधिक लिहिले जाण्याशी संबंध दिसला. जेवणामुळेच तसे घडले, असे या पाहणीने सिद्ध होत नाही; पण ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ हे वाक्य म्हणण्याआधी थांबायला लावण्याइतके ते पुरेसे आहे.

आपल्याकडे नियमांची वाट वळणावळणाची आहे. २००९ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही, असा निकाल दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले. कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर चालणाऱ्या परिषदांत डॉक्टरांनी भागच घेऊ नये, असे त्यात होते. तीन आठवडे उलटण्याच्या आत ते नियम स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारची औषध विपणनाची एकसमान संहिता आली. तिने वक्ते वगळता इतर डॉक्टरांच्या प्रवासाचा आणि निवासाचा खर्च करण्यास कंपन्यांना मज्जाव केला, परदेशातल्या अशा शैक्षणिक कार्यक्रमांना बंदी घातली, आठवणवस्तूची किंमत एक हजार रुपयांच्या आत ठेवली. एक वर्षाहून अधिक काळ देशात मिळणाऱ्या औषधाला ‘नवे’ म्हणू नये आणि कुठल्याही औषधाला सरसकट ‘सुरक्षित’ म्हणू नये, असेही तिच्यात आहे. या दोनच कलमांची पट्टी घेऊन एखाद्या प्रदर्शनात फेरी मारली, तर किती फलक उतरवावे लागतील, हे ज्याने त्याने पाहावे. स्टॉलचे भाडे मात्र या सगळ्यात अबाधित आहे.

तर मग पोस्टर पवित्र आणि स्टॉल अपवित्र, असे समजायचे का? तेही नाही. पोस्टरचीही मर्यादा आहे आणि ती वाचकाने विशेष लक्षात ठेवावी, कारण ‘परिषदेत सादर झालेल्या संशोधनानुसार’ अशी सुरुवात असलेली बातमी त्याच्यापर्यंतच पोहोचते. पोस्टर स्वीकारले गेले म्हणजे दोन-तीन परीक्षकांनी तीनशे शब्द वाचले, एवढेच. मूळ आकडे कुणी तपासलेले नसतात. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली ४२५ पाहण्या एकत्र करून, परिषदांत सादर झालेल्या तीन लाखांहून अधिक सारांशांचे पुढे काय झाले, ते पाहिले. जेमतेम ३७ टक्के काम पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले होते. त्यातही औषध ‘लागू पडले’ असे सांगणारे सारांश छापले जाण्याची शक्यता जास्त, आणि ‘काही फरक पडला नाही’ असे सांगणारे मागे राहण्याची. म्हणजे फ्लेक्सबरोबर कितीतरी प्रामाणिक नकारही कचऱ्यात जातात. शिवाय पोस्टरवरचा अभ्यास एखाद्या कंपनीच्या पैशाने झालेला असू शकतो. तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली ‘आर्थिक साहाय्य’ ही ओळ आधी वाचावी.

असे असले तरी दोन्हींत एक मूलभूत फरक राहतोच. पोस्टरपाशी उभ्या असलेल्या मुलाला ‘तुझा निष्कर्ष चुकला असे दाखवणारा पुरावा आहे का?’ असे विचारले, तर तो गडबडेल, पण विचारात पडेल. स्टॉलवरच्या माणसाला तसे विचारण्यात अर्थ नाही. त्याचे काम उत्तर देण्याचे आहे, शंका घेण्याचे नाही. म्हणून स्टॉलवर जाताना डॉक्टरने आपलेच तीन प्रश्न सोबत न्यावेत. हे औषध कशाच्या तुलनेत चांगले ठरले. साखरेच्या गोळीच्या की सध्या वापरात असलेल्या स्वस्त औषधाच्या? फायदा शंभरात किती जणांना? शंभरांतल्या दोघांना होणारा झटका एकावर आला, तरी फलकावर ‘धोका ५० टक्के कमी’ असे छापता येते. प्रत्यक्षात एकाला वाचवण्यासाठी शंभर जणांना गोळी खावी लागते. आणि तिसरा प्रश्न, महिन्याचा खर्च किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरला द्यावे लागत नाही, रुग्णाला द्यावे लागते.

आयोजकांनाही फार खर्च न करता बरेच करता येईल. पोस्टरच्या तासाला दुसरे कुठलेही सत्र ठेवू नये, म्हणजे ज्येष्ठांना तिथे फिरकायला निमित्त मिळेल. पोस्टर कमी निवडावीत, पण प्रत्येकापाशी जाणकार माणसाने किमान दहा मिनिटे थांबावे. २०१९ साली माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधक विद्यार्थ्याने सुचवलेली मांडणी स्वीकारण्याजोगी आहे : मुख्य निष्कर्ष पोस्टरच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत, बाकीचा तपशील क्यूआर कोडच्या मागे. परिषद संपल्यावर सगळी पोस्टर संघटनेच्या संकेतस्थळावर कायमची ठेवावीत, ‘फरक पडला नाही’ म्हणणारी सुद्धा. आणि कुठल्या स्टॉलचे, कुठल्या सत्राचे किती पैसे आले, कुठे खर्च झाले, याचा हिशेब त्याच संकेतस्थळावर मांडावा. गावातले गणेशोत्सव मंडळही वर्गणीचा हिशेब फलकावर लावते. सुशिक्षितांच्या संघटनांना ते जड जाऊ नये.

रुग्णालाही यात वाटा आहे. चिठ्ठीवर अनोळखी आणि महाग नाव दिसले, तर ‘डॉक्टर, आधीच्या औषधापेक्षा यात माझा फायदा काय?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने तर पुढच्या वेळी बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्यावीत आणि बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळतो का, हे दाखवून घ्यावे.

आणि पुढच्या परिषदेच्या नकाशावर सही करण्यापूर्वी आयोजकांनी एवढेच करून पाहावे : चहाचे टेबल उचलून पोस्टरच्या मधोमध ठेवावे. डॉक्टर चहाला येतीलच. कप हातात घेऊन इकडेतिकडे पाहताना एखाद्याची नजर त्या लाल आणि नारिंगी टोपणांवर पडेल, शेजारी अवघडून उभ्या असलेल्या मुलीला तो विचारेल, ‘तुझ्या ओपीडीत किती जणांचे चुकले होते?’ ती सांगेल. सोमवारी सकाळी कुठल्यातरी दवाखान्यात एका म्हाताऱ्या माणसाला पिशवीतली सिरिंज बाहेर काढायला सांगितले जाईल.